पाणी हटलं, शहर राहिलं

नेदरलँड्समध्ये गाडीने फिरायचं ठरवून नकाशा पुढ्यात घेतला की पहिली अडचण निवडीची येते. देश आकाराने महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही थोडा लहान. पण ‘जुनी आणि देखणी’ म्हणून सुचवल्या जाणाऱ्या शहरांची यादी काही केल्या संपत नाही. फोटो पाहावेत तर सगळीकडे तेच दिसतं. कालवा, त्यावर पूल, काठाने उभी असलेली अरुंद, उंच विटांची घरं आणि त्यांच्या माथ्याला दोन्ही बाजूंनी चढत गेलेल्या पायऱ्या. आठवडाभराच्या सुट्टीत यातलं काय बघायचं आणि काय सोडायचं?

या अडचणीच्या पोटात एक मोठं कोडं आहे. हा युरोपातला श्रीमंत आणि दाट वस्तीचा देश. जमिनीची एवढी टंचाई की समुद्र हटवून ती तयार केली. अशा ठिकाणी चारशे वर्षांपूर्वीची घरं पाडून कुणी नवी उठवली कशी नाहीत? रॉटरडॅममध्ये काचेचे मनोरे उभे आहेत आणि तिथून गाडीने दीड-दोन तासांवरच्या एंकहाउझनमध्ये १५४० सालचा ड्रोमेडारिस बुरूज अजून बंदराच्या तोंडाशी पहाऱ्याला आहे. दोन्ही शहरं समुद्रावर जगलेली. मग एक पार बदललं आणि दुसरं होतं तसंच राहिलं, ते कशामुळे?

हे कोडं सुटलं की निवडही आपोआप सोपी होते, असा माझा अनुभव आहे. डच शहराविषयी ‘ते किती सुंदर आहे’ हा प्रश्न फार उपयोगाचा नाही, कारण सुंदर सगळीच आहेत. त्याला कोणत्या पाण्याने श्रीमंत केलं आणि ते पाणी त्याला कधी सोडून गेलं, हे विचारावं.

तीन पाणी, तीन घराणी

मध्ययुगात, विशेषतः बाराव्या-तेराव्या शतकात, वादळी पुरांनी उत्तरेकडची मऊ दलदलीची जमीन तोडली आणि समुद्र आत घुसला. आतल्या सरोवराचं एक उथळ, खारं आखात झालं. ते झाउडरझे. त्याच्या काठी होर्न, एंकहाउझन, एडाम, मेडेम्ब्लिक, एल्बर्ग, स्टाव्होरन अशी बंदरं वाढली. बाल्टिक समुद्राकडून धान्य आणि इमारती लाकूड यायचं, मीठ लावलेला हेरिंग मासा बाहेर जायचा.

दुसरं पाणी आयसल नदीचं. ऱ्हाइनचा हा फाटा उत्तरेला वाहत झाउडरझेला मिळायचा, त्यामुळे जर्मनीच्या आतल्या भागातून समुद्रापर्यंत सलग जलमार्ग तयार झाला. त्या वाटेवर झुत्फन, डेव्हेंटर, हातेम, काम्पन ही शहरं गब्बर झाली. ती हान्झा या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघात होती, आणि त्यांची भरभराट झाली तेव्हा ॲमस्टरडॅम अजून लहान होतं.

तिसरं पाणी नैऋत्येच्या झेलंडमधलं. शेल्ड नदीच्या मुखाशी बेटांचा पुंजका आहे. अँटवर्पला जाणारी-येणारी जहाजं याच बेटांमधून जात. मिडलबर्ग, व्हेरे, झीरिकझे यांनी या वाहतुकीवर आपली घरं भरली. व्हेरेला तर १५४१ पासून स्कॉटलंडच्या मालाचं अधिकृत ठाणं होतं. स्कॉटिश लोकर आधी इथे उतरायची, मग पुढे जायची. बंदरावरची त्या व्यापाऱ्यांची घरं आजही ‘स्कॉटिश घरं’ म्हणून ओळखली जातात.

१६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली तेव्हा तिच्या सहा शाखा होत्या: ॲमस्टरडॅम, मिडलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एंकहाउझन. एंकहाउझन तेव्हा रॉटरडॅमच्या पंगतीला बसत होतं, हे आज तिथल्या शांत गल्ल्यांतून चालताना खरं वाटत नाही.

गाळाचं गणित

आता मुख्य गोष्ट. ही बंदरं बंद पडली ती बहुतांशी गाळाने, आणि गाळ साचण्यामागे माणसाचा हात होता.

भरतीचं पाणी गढूळ असतं. ते बंदरात शिरतं, क्षणभर स्थिरावतं आणि त्यातली माती तळाला बसते. ओहोटीला तेच पाणी परत निघतं. ते जोरात निघालं तर बसलेली माती उचलून नेतं, हळू निघालं तर माती तिथेच राहते. हा जोर कशावर ठरतो? बंदराच्या मागे किती पाणी साठून राहू शकतं यावर. आपल्या घरातली मोरी तुंबली की तांब्या-तांब्याने पाणी ओतून काही होत नाही. भरलेली बादली एकदम उलटी केली की कचरा सुटतो. बंदरामागच्या खाड्या आणि दलदली ही त्या बंदराची बादली होती.

डच शेतकऱ्यांनी आणि पैसेवाल्या व्यापाऱ्यांनी नेमक्या याच दलदलींभोवती बांध घातले, पाणी उपसून काढलं आणि शेतजमीन केली. अशा बांधबंदिस्त जमिनीला पोल्डर म्हणतात. प्रत्येक नव्या पोल्डरबरोबर भरतीला पसरायची जागा कमी झाली, ओहोटीचा जोर उतरला आणि बंदराच्या तळाला माती चढू लागली. बंदरातून मिळवलेला पैसा जमिनीत गुंतवला आणि त्याच जमिनीने बंदराचा गळा आवळला.

लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. अनेक बंदरांत त्यांनी मुद्दाम तळी खोदली होती. भरतीला दरवाजे उघडून तळं भरायचं, ओहोटी तळाला गेली की दरवाजे एकदम उघडायचे आणि लोंढ्याने बंदर धुऊन काढायचं. पण खर्च सतत चालू ठेवावा लागे आणि व्यापार घटला की पहिली कात्री त्यालाच लागे.

एडामची कथा याहून स्पष्ट आहे. तिथलं बंदर समुद्राला उघडं होतं. भरती आत शिरून मागच्या प्रदेशाचं नुकसान करायची, म्हणून सोळाव्या शतकात शहराच्या मधोमध पाणी अडवणारे दरवाजे बसवले गेले. मागचा मुलूख वाचला. बंदर मात्र हळूहळू भरत गेलं आणि जहाजबांधणीचं हे नावाजलेलं गाव पुढे चीजच्या बाजारावर जगू लागलं. जगभर त्याचं नाव आज चीजमुळेच माहीत आहे.

आयसल नदीचं दुखणं वेगळं. वरच्या बाजूला ऱ्हाइन फुटते तिथे पाण्याचा मोठा वाटा वाल या दुसऱ्या फाट्याकडे जाऊ लागला. आयसल उथळ झाली. १७०७ साली पानरडनचा कालवा खोदून पाण्याची वाटणी सुधारली, पण तोवर व्यापार पश्चिमेला निघून गेला होता.

त्यातच जहाजं मोठी होत गेली. ॲमस्टरडॅमच्या वाटेतही पांपस नावाचा वाळूचा उथळ पट्टा होता. तिथे सतराव्या शतकाच्या अखेरीस एक हुशार उपाय निघाला. जहाजाच्या दोन्ही बाजूंना मोठी पोकळ लाकडी पेटारी पाणी भरून बुडवायची, जहाजाला आवळून बांधायची आणि मग आतलं पाणी उपसायचं. पेटारी वर येताना जहाजालाही वर उचलत. पुढे १८२४ आणि १८७६ साली ॲमस्टरडॅमने समुद्रापर्यंत मोठे कालवे मिळवले. रॉटरडॅमलाही १८७२ साली थेट समुद्राकडे जाणारा नवा जलमार्ग मिळाला. ज्यांच्याकडे पैसा आणि राजकीय वजन होतं त्यांनी जाणारं पाणी ओढून परत आणलं. होर्न, एंकहाउझन, व्हेरे यांना ते जमलं नाही.

स्टाव्होरनच्या लोकांनी याच गाळाची दंतकथा केली. एका गर्विष्ठ श्रीमंत विधवेने आपल्या कप्तानाला जगातली सर्वांत मौल्यवान वस्तू आणायला पाठवलं. तो गहू घेऊन आला. तिने संतापून सगळा गहू बंदराच्या तोंडाशी समुद्रात ओतायला लावला. त्या जागी वाळूचा बांध उठला, बंदर बंद झालं आणि ती भिकेला लागली. शेकडो वर्षांचा संथ ऱ्हास लोकांच्या स्मरणात एका बाईच्या एका दुपारच्या उन्मत्तपणात बसवला गेला आहे. बंदराजवळ तिचा पुतळा आहे.

गरिबी राखते, आणि खातेही

पाणी गेलं, पैसा गेला. मग जुनी घरं टिकली कशी?

श्रीमंत शहरात दर पिढीला नवी टूम येते. पायऱ्यांचा माथा जुनाट वाटू लागला की तो उतरवून घंटेच्या आकाराचा करायचा, मग तोही काढून सरळ कंगोरा बसवायचा. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांवर अशी कितीतरी घरं आहेत ज्यांचा सांगाडा सतराव्या शतकातला आणि चेहरा नंतरचा आहे. मोडकळीला आलेल्या शहरात चेहरा बदलायला पैसा नसतो. म्हणून एंकहाउझनमध्ये पायऱ्यांचे माथे राहिले.

पण गरिबी घरं खातेही, हा भाग पर्यटनाच्या माहितीपत्रकांत येत नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात एंकहाउझन आणि होर्नमधली रिकामी घरं पाडून त्यांच्या विटा आणि तुळया विकल्या गेल्या. एंकहाउझनच्या तटाच्या आत एवढी जागा मोकळी झाली की तिथे कुरणं आणि गोठे आले. आज त्या भागातून जाताना शहराच्या आत एकदम शेतघरं लागतात, त्याचं कारण हे. व्हेरेलाही तेच झालं. म्हणजे आपल्याला दिसतात ती त्या पडझडीतून उरलेली घरं, ज्यात कुणीतरी राहत राहिलं. पूर्ण कंगाल झालेलं शहर नाहीसं होतं, तर हळूहळू, बेताने गरीब झालेलं शहर टिकतं. पाहण्यासारखी डच शहरं जवळपास सगळी या दुसऱ्या प्रकारची आहेत.

एंकहाउझनला मराठी माणसाने मुद्दाम जावं, असं मला वाटतं. यान हुइगेन व्हान लिन्शोटन हा या शहराचा रहिवासी. १५८३ ते १५८८ या काळात तो गोव्यात पोर्तुगीज आर्चबिशपचा चिटणीस होता. तिथे त्याने डोळे उघडे ठेवून सगळं टिपलं: बाजार, पालख्या, फळं, मसाले आणि पोर्तुगीजांनी जपून ठेवलेली जलमार्गांची माहिती. परत आल्यावर एंकहाउझनमध्ये बसून त्याने जो प्रवासग्रंथ लिहिला, तो १५९६ साली प्रसिद्ध झाला. त्यातली गोव्याची चित्रं आजही इतिहासाच्या पुस्तकांत छापली जातात. पूर्वेकडच्या वाटेवर पोर्तुगीजांची असलेली मक्तेदारी मोडायला या माहितीचा फार उपयोग झाला आणि सहा वर्षांत ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. १६३७ साली तिने वेंगुर्ल्यात वखार घातली. तिचे अवशेष आजही वेंगुर्ल्यात आहेत. सिंधुदुर्गातल्या त्या पडक्या भिंतींची दुसरी बाजू झाउडरझेच्या काठी आहे.

होर्नच्या मुख्य चौकात यान पीटरझोन कून याचा पुतळा आहे. तो याच गावचा. त्याच्या हुकुमाने १६२१ साली जायफळाच्या व्यापारासाठी बांदा बेटांवरच्या लोकांची कत्तल झाली. या पुतळ्यावरून होर्नमध्ये बराच वाद झाला आहे. मिडलबर्गच्या एका कंपनीने अठराव्या शतकात गुलामांचा व्यापार केला. या देखण्या घरांचा पैसा कुठून आला ते ठाऊक असूनच त्यांच्यासमोर उभं राहावं.

तोफांनी वाचवलेली मोकळी जागा

काही शहरं गाळाऐवजी सैन्याने थांबवली. नार्डनचा नकाशा पाहिला तर पाण्याच्या दुहेरी वेढ्यात सहा टोकांचा तारा दिसतो. हा आकार शोभेसाठी नाही. सरळ तटाच्या पायथ्याशी शत्रू पोचला की वरून तो दिसत नाही. तटाला टोकदार बुरूज काढले की एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाचा पायथा माऱ्यात येतो आणि लपायला जागा उरत नाही. तट मातीचे, कारण दगडी भिंत तोफेच्या गोळ्याने फुटते, तर मातीत गोळा रुतून बसतो.

१८५३ च्या एका कायद्याने किल्ल्यांभोवतीच्या एक किलोमीटरच्या परिघात बांधकामावर बंधनं घातली. अगदी जवळच्या पट्ट्यात फक्त लाकडी घरं बांधता येत, म्हणजे युद्ध आलं की ती झटपट पाडता किंवा जाळता यावीत आणि तोफांची नजर मोकळी राहावी. १८७४ मध्ये दुसऱ्या कायद्याने अनेक शहरांचं किल्ला असणं संपलं. मग ठिकठिकाणी तट पाडून तिथे बागा आणि कारखाने आले. नार्डन मात्र ॲमस्टरडॅमच्या संरक्षणासाठी राखलं गेलं आणि १९२६ पर्यंत किल्लाच राहिलं. बांधकामाची बंधनं घालणारा कायदा तर १९६३ साली रद्द झाला. राजधानीपासून २०-२५ किलोमीटरवर असूनही या शहराभोवती गवताचे उतार आणि मोकळं पाणी आहे ते यामुळे. तटावरून पूर्ण फेरी मारल्याशिवाय नार्डन सोडू नये.

जुनं दिसतं ते सगळं जुनं नसतं

रॉटरडॅमचं मध्यवर्ती शहर १४ मे १९४० च्या जर्मन बॉम्बफेकीत जळालं. तीन दिवसांनी मिडलबर्गची पाळी आली. रॉटरडॅमने उरलेलं साफ करून नवं शहर उभं केलं. मिडलबर्गने जुन्या धाटणीत फेरबांधणी केली. त्यामुळे मिडलबर्गच्या मध्यभागी मठ आणि नगरभवन पाहताना आपण बरंचसं विसाव्या शतकातलं काम पाहत असतो. ते मन लावून केलेलं आहे आणि पाहावं असंच आहे. एवढं ठाऊक असलं की नजर योग्य जागी पडते.

जर्मनीच्या सीमेजवळचं बूर्टांगे याहून पुढे गेलं. १५९३ मध्ये तयार झालेला हा तारेच्या आकाराचा किल्ला १८५१ साली मोडीत निघाला, खंदक बुजले, तटांवर नांगर फिरला. १९६० च्या दशकात ओस पडत चाललेल्या त्या गावाने जुने नकाशे काढले आणि १९९२ पर्यंत खंदक, तट, पूल १७४२ च्या स्थितीनुसार पुन्हा उभे केले. दक्षिणेतल्या हॉइस्डनच्या तटांचीही अशीच दुरुस्ती झाली. मला ही शहरं कमअस्सल वाटत नाहीत. आपलं गाव परत मिळवण्यासाठी लोक पिढीभर राबले, ही त्या गावाच्या इतिहासातलीच घटना आहे.

झान्से स्खान्सची गोष्ट वेगळी. तिथल्या बऱ्याचशा पवनचक्क्या आणि लाकडी घरं आसपासच्या गावांतून उचलून एकत्र आणली आहेत. चक्की आतून कशी चालते हे बघायला जरूर जावं, पण जुन्या शहराची भूक तिथे भागणार नाही.

या जपणुकीमागे संस्थांचं मोठं काम आहे. १९१८ साली स्थापन झालेली हेन्ड्रिक डे काइझर संस्था जुनी घरं विकत घेते, दुरुस्त करते आणि भाड्याने देते, म्हणजे घरात माणूस राहतो आणि घर टिकतं. १९६१ च्या कायद्याने सुट्या इमारतींबरोबर रस्ते, चौक, कालवे यांची अख्खी रचनाही संरक्षित करता येऊ लागली. डेव्हेंटरचा बेर्खक्वार्टीर हा डोंगरउतारासारख्या चढावरचा मोहल्ला तोवर पार खंगला होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तो घरागणिक दुरुस्त झाला. आज तिथे फिरताना हे आठवावं.

| चौकट: नकाशावरून जुनं शहर ओळखताना |
|---|
| उपग्रहाचं चित्र उघडा आणि शहराभोवती पाण्याचं कडं शोधा. ते नागमोडी किंवा टोकदार असेल तर तट अजून शाबूत आहे. चर्च वस्तीच्या मानाने फारच मोठं दिसत असेल तर शहर पूर्वी कितीतरी मोठं होतं. बंदर उघड्या पाण्यापासून दूर असेल आणि मध्ये लांब, सरळ खोदलेला कालवा असेल तर गाळाने आपलं काम केलेलं आहे. रेल्वे शहरापर्यंत पोचलीच नसेल तर फार उत्तम. एकोणिसाव्या शतकातले कारखानेही पोचले नसण्याची शक्यता मोठी. |

मग गाडी न्यायची कुठे?

चौकटीतलं शेवटचं लक्षण सहलीचा आराखडाच ठरवून टाकतं. डेल्फ्ट, लायडन, हारलेम, गाउडा, उट्रेख्ट ही सुंदर शहरं आहेत, पण तिथे रेल्वेने जावं. स्टेशनातून चालत मध्यवर्ती भागात पोचता येतं आणि गाडी तिथे डोक्याला ताप होते. भाड्याची गाडी राखावी ती रेल्वे नसलेल्या शहरांसाठी: झीरिकझे, व्हेरे, एल्बर्ग, हॉइस्डन, बूर्टांगे. ज्या कारणांनी रेल्वे त्यांना वगळून गेली, त्याच कारणांनी ती जुनी राहिली आहेत.

दुसरं, वर सांगितलेल्या तीन घराण्यांपैकी एक निवडून त्याच्याच काठाने फिरावं. तिन्हींतलं एकेक शहर वेचून देशभर धावण्यात दिवस रस्त्यावर जातो आणि शहरांमधलं नातं कळत नाही. ॲमस्टेलव्हीन किंवा आइंडहोवनला नातेवाईक असलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांची सहल शनिवार-रविवारपुरतीच असते. त्यांनी तर हे नक्की पाळावं.

झाउडरझेचा काठ ॲमस्टरडॅमहून सर्वांत सोयीचा. एडामहून होर्न, होर्नहून एंकहाउझन, अशी सगळी मिळून एका दिवसाच्या आतली वाट आहे. पण एंकहाउझनला मुक्काम करावा. तिथलं झाउडरझे संग्रहालय पाहायलाच अर्धा दिवस लागतो. काठावरच्या गावांमधून आणलेली घरं, चुन्याच्या भट्ट्या, मासे धुरावण्याच्या खोल्या तिथे पाहता येतात. १९३२ साली ३२ किलोमीटर लांबीचा आफ्स्लाउटडाइक हा बांध पूर्ण झाला, आखात समुद्रापासून तुटलं, त्याचं गोड्या पाण्याचं सरोवर झालं आणि या काठावरची खारी मासेमारी संपली. त्या जगण्याची आठवण तिथे जपलेली आहे. पुढे स्टाव्होरनला जाणारी उन्हाळी बोट माणसं आणि सायकली नेते, गाड्या नेत नाही. गाडीवाल्यांनी आफ्स्लाउटडाइकवरून हिंडलोपन आणि स्टाव्होरन गाठावं, किंवा एंकहाउझनहून लेलीस्टाटकडे जाणारा पाण्यातला बांधरस्ता धरावा. त्या रस्त्याच्या सुरुवातीलाच गाड्या खालून जातात आणि डोक्यावरून शिडाच्या नौका.

आयसलचा काठ ज्यांना गर्दी नको त्यांच्यासाठी. काम्पनला शहरात शिरण्याआधी नदीपलीकडच्या काठावर गाडी थांबवून समोरचा दर्शनी भाग पाहावा. जहाजातून येणाऱ्या व्यापाऱ्यावर छाप पाडण्यासाठी तो तसा उभारला होता. जवळचं एल्बर्ग बघून नवल वाटतं, कारण त्याच्या गल्ल्या फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत. १३९० च्या दशकात समुद्र जवळ आल्यामुळे सगळं शहर मागे हटवून नव्याने आखलं गेलं, ते असं. डेव्हेंटरला १५२८ चं वजनघर आहे, आणि झुत्फनच्या चर्चला जोडलेल्या सोळाव्या शतकातल्या ग्रंथालयात पुस्तकं अजून मेजांना साखळ्यांनी बांधलेली आहेत. मला स्वतःला पहिल्यांदा जाणाऱ्याला एकच काठ सुचवायचा झाला तर मी हा सुचवेन. इथली शहरं मुख्यतः तिथल्या माणसांसाठीच चालतात.

झेलंड ज्यांना पाणी समजून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी. व्हेरे आणि झीरिकझे एकाच दिवशी पाहावीत. १९५३ च्या १ फेब्रुवारीच्या पुरात देशात १,८३६ माणसं गेली, त्यानंतर या सगळ्या मुखांवर बांध घालायचं ठरलं. १९६१ मध्ये व्हेरेसमोरचं समुद्राचं तोंड बंद झालं. तिथली मासेमारी नौकांची बंदरातली जागा आता शिडाच्या नौकांना मिळाली आहे आणि पाणी जवळजवळ हलत नाही. झीरिकझेसमोरच्या पूर्व शेल्डवर मात्र, कालवं आणि मासे वाचावेत म्हणून झालेल्या आग्रहामुळे, उघडझाप करणारे दरवाजे बसवले गेले. ते १९८६ पासून फक्त वादळात बंद होतात. म्हणून झीरिकझेच्या बंदरात भरती-ओहोटी अजून येते आणि धक्क्याच्या भिंतीवर ओलीची रेघ रोज वरखाली होते. दोन्हींच्या मध्ये १९६५ सालचा पाच किलोमीटरचा झेलंड पूल आहे. व्हेरेचं अवाढव्य चर्च, ज्याचं फ्रेंच अमलात लष्करी रुग्णालय झालं होतं, आणि झीरिकझेचा १४५४ साली सुरू करून अर्धवट राहिलेला जाडजूड मनोरा, दोन्ही डोळ्यांत भरतात. एवढं मोठं बांधायची ऐपत होती आणि बांधता बांधता ती सरली.

वाटेवरच्या काही गोष्टी

गाड्या उजव्या बाजूने चालतात. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, त्यात सायकलवालाही आला. वळताना आरशात सायकल आहे का ते दोनदा पाहावं. महामार्गांवर टोल जवळपास नाहीच, काही मोजके बोगदे सोडले तर. दिवसा बहुतेक महामार्गांवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असते.

जुन्या शहरात गाडी घालू नये. तटाच्या किंवा खंदकाच्या बाहेर वाहनतळ असतो. तिथून वेशीतून पायी आत शिरावं. शहर बांधणाऱ्यांनी ते ज्या बाजूने दिसावं म्हणून आखलं, त्याच बाजूने ते दिसतं. फुटपाथच्या कडेला निळी रेघ असेल तर पोचल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची चकती काचेमागे ठेवावी लागते. ती आधीच विकत घेऊन ठेवावी.

शक्य असेल तर रात्र शहरातच काढावी. दिवसाचे प्रवासी संध्याकाळी परततात आणि मग घरांच्या पडदे न ओढलेल्या खिडक्यांतून दिवे दिसू लागतात. सोमवारी सकाळी दुकानं बहुधा बंद असतात, म्हणून तो वेळ गाडी चालवण्यात घालवावा. एडामचा चीज-बाजार उन्हाळ्यात बुधवारी सकाळी भरतो. आणि तारखा आपल्या हातात असतील तर सप्टेंबरचा दुसरा शनिवार-रविवार साधावा: तेव्हा देशभर जुन्या वास्तू लोकांसाठी खुल्या ठेवतात. एरवी बंद असलेली गोदामं, मनोरे, कित्येक खासगी घरं आतून बघता येतात, तुळया कशा जोडल्या आहेत ते हात लावून कळतं, आणि घरमालक उत्साहाने माहिती सांगतात.